दगडाला निळी रोषणाई

विजेच्या कचेरीत नोकरीला असलेल्या माणसाला उजेडाबद्दल कुणी शिकवू नये, असं सावळीरामचं ठाम मत होतं. आता तिथं तो बिलांवर शिक्के मारायचा आणि घरचा फ्यूज उडाला की शेजाऱ्याला हाक मारायचा, ही गोष्ट वेगळी!

त्यामुळे त्र्याऐंशी सालच्या मार्चअखेर मेहुणा पुंजाराम काचेची पेटी छातीशी धरून नाशिकरोडच्या कॉलनीत आला, तेव्हा सावळीराम मुळीच डगमगला नाही. पेटीत समुद्राचं पाणी आणि पाण्यात जिवंत प्रवाळ. दिसायला तपकिरी दगड, पण पुंजारामला पोटच्या पोरासारखं. तो मालवणकडे मासळीच्या संशोधनात होता आणि ट्रेनिंगसाठी दिल्लीला निघाला होता.

"दाजी, याचं सगळं उजेडावर आहे," तो म्हणाला. "बरोबर मिळाला तर फुलतं, नाही तर मरतं. निळा उजेड याला फार मानवतो."

"अरे, उजेडाचं तू मला सांगतोस? जा बिनघोर."

सावळीरामच्या बायकोला, सुमनबाईला, मात्र हे काही पटलं नाही. मागच्या खेपेला तिच्या याच भावानं पोपट सांभाळायला दिला होता. सावळीरामनं त्याला जरा मोकळी हवा म्हणून पिंजऱ्याबाहेर काढलं. पोपटाला ती हवा फारच आवडली.

"हे मेलं," भाऊ गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "तर मी माहेरी तोंड दाखवणार नाही, आणि तुम्हाला जेवण दाखवणार नाही."

सावळीरामनं आधी झिरोचा बल्ब लावला. प्रवाळ ढिम्म. मग त्यानं दोनशेचा बल्ब पेटीवर टांगला. संध्याकाळी सुमनबाईनं बोट बुडवून पाहिलं, तर पाणी बाळंतिणीच्या अंघोळीला चालेल इतकं कोमट! तिनं धावत जाऊन कुल्फीवाल्याकडून बर्फ आणला आणि पिशवीत बांधून पेटीत तरंगत ठेवला. प्रवाळ आणखीच आक्रसून बसलं.

आता राहिला निळा उजेड. निळे बल्ब कुठून आणायचे? सावळीराम पलंगाखाली वाकला. तिथं भीमजयंतीच्या कमिटीची ट्रंक होती. विजेतला माणूस म्हणून कमिटीनं रोषणाईचं खातं त्याच्याकडेच दिलं होतं. त्यानं निळ्या बल्बांची अख्खी माळ काढून पेटीभोवती गुंडाळली, वरचा दोनशेचाही तसाच चालू ठेवला आणि बटण दाबलं.

खिडकीतून निळा झोत गल्लीत पडला. आता एप्रिल उजाडला होता. एप्रिलमध्ये एखाद्या घरी निळे दिवे लागले की त्या कॉलनीत आमंत्रणाची वाट कोण बघतो? जयंतीची मिटिंग सावळीरामकडे, असं जो तो म्हणाला आणि चपला घालून निघाला. पुढे कमिटीचे अध्यक्ष धोंडीरामभाऊ, मागे महिला मंडळाच्या शकुबाई आणि त्यांच्यामागे अर्धी गल्ली.

"जय भीम, जय भीम," करत मंडळी सतरंजीवर टेकली. मग सगळ्यांची नजर पेटीवर गेली. धोंडीरामभाऊंचा चेहरा उतरला.

"सावळीराम, बौद्ध दीक्षा घेतली तेव्हा माझ्या बापानं घरचा देव्हारा गोदावरीत सोडला. आणि तू पाण्यातला दगड घरात आणून त्याला रोषणाई करतोस? तीही कमिटीच्या माळेनं?"

"भाऊ, दगड नाही हो तो. जिवंत आहे."

हे ऐकून तर मंडळी थोडी मागेच सरकली.

"बोलतो का तुझ्याशी?" धोंडीरामभाऊंनी हळूच विचारलं.

"बोलत नाही. खूश असला की फुलतो."

"आणि खातो काय?" शकुबाई म्हणाल्या.

"सुकटीचा चुरा."

"म्हणजे नैवेद्यसुद्धा चालू झाला!"

धोंडीरामभाऊ उठले. "माळ सोड. आणि कमिटीत तू आजपासून नाहीस."

सावळीराम पेचात पडला. माळ सोडली तर प्रवाळ जाणार, नाही सोडली तर कॉलनीतली अब्रू जाणार. तेवढ्यात सुमनबाई पुढे झाली.

"भाऊ, चहा होईपर्यंत थांबा. तोवर फुललं नाही, तर माळही न्या आणि दगडही न्या. आणि अहो, तुम्ही आधी तो वरचा दिवा बंद करा. घराची भट्टी झालीय नुसती."

दोनशेचा विझला. खोलीत फक्त निळा उजेड राहिला. सगळी मंडळी मांडी घालून पेटीकडे टक लावून बसली. चहा उकळला, कपात आला, निवत चालला. आणि त्या तपकिरी दगडावर बारीक बारीक बोटं हलायला लागली. बघता बघता बाजरीच्या कणसाला फुलोरा यावा तसं प्रवाळ भरभरून फुललं.

"अगं बाई!" शकुबाईंच्या हातातला कप कलला.

धोंडीरामभाऊंनी चष्मा लावून जवळून पाहिलं. "प्राणी आहे. हे सायन्स आहे. सावळीराम कमिटीत राहील, आणि माळ जयंतीपर्यंत इथंच."

"मी म्हणतच होतो," सावळीराम म्हणाला, "उजेडातलं मला कळतं." सुमनबाईनं विझलेल्या दोनशेच्या बल्बाकडे बोट दाखवलं. पण त्या दिवशी तिनं त्याला दोनदा भाजी वाढली.

शकुबाईंनी सकाळी नळावर ही हकिकत जशीच्या तशी सांगितली. नळावरून ती मागच्या आळीत गेली. तिथं सायन्स गळून पडलं आणि डोळे उघडणारा दगड तेवढा शिल्लक राहिला.

पुंजाराम दिल्लीहून परतला, तेव्हा दाजींच्या दारापासून पिठाच्या गिरणीपर्यंत रांग लागलेली होती. दारात धोंडीरामभाऊ "बायांनो, सायन्स आहे हो हे!" असं ओरडत नारळ परत करत होते. प्रवाळाच्या काळजीनं पुंजाराम बॅग घेऊन तसाच आत घुसायला लागला, तेव्हा मागच्या आळीतल्या बायडाबाईंनी त्याची बाही धरली.

"ओ पाव्हणं, रांगेत या."

"अहो मावशी, सोडा मला. तो दगड माझा आहे!"

बायडाबाईंनी हातातला नारळ सावरला आणि मायेनं त्याला मागे ढकललं. "सगळ्यांना असंच वाटतं रे बाबा. मागं उभा राहा."