बदकाची म्हैस

घरात एक यंत्र आणायचे असेल तर आधी एक यंत्र बाहेर गेले पाहिजे, हा नियम सरोजिनीबाईंनी केला होता. आणि नातीला सांभाळायला पुण्याला लेकीकडे जाताना तो त्या लातूरच्या घरातच ठेवून गेल्या होत्या. दोन महिन्यांसाठी गेलेल्या बाईंना आता दोन उन्हाळे उलटले होते. नियम मात्र रोज संध्याकाळी फोनवरून हजेरी घेत असे.

“जेवलात का?”

“जेवेन.”

“काय करून राहिलात? टेबलावर काय उघडून ठेवलंय?”

“काही नाही. जुनाच सेट. झाकण लावतोय.”

“झाकण लावलेली वस्तू लग्नापासून एकदाही पाहिली नाही मी तुमच्या टेबलावर. बरं, उर्वी रडतेय, ठेवते.”

फोन ठेवल्यावर रेणुकादास सर झाकण बाजूला सारून पुन्हा पेचकस हाती घेत. तंत्रनिकेतनात त्यांनी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवले होते. आता वरचा मजला शिकवणीच्या मुलांना भाड्याने दिलेला होता. गल्लीत तर पाय ठेवायला जागा नसे, इतकी मुले. पण डॉक्टर होण्याच्या घाईत त्यांच्यापाशी फक्त दोन वाक्ये शिल्लक उरलेली. “सर, पाणी गेलं,” आणि “सर, पाणी आलं.”

टेबलावरचा वायरलेस सेट नांदेडच्या जुन्या बाजारातला, रेवणसिद्धच्या दुकानातून आणलेला. बोलायचा आणि ऐकायचा, दोन्ही कामांचा. सिंगल साइडबँड नावाच्या पद्धतीवर चालणारा. कमी शक्तीच्या सेटांना लागणारी परवान्याची अट उठल्यापासून सरांना अशा जुन्या सेटांचा नाद लागला होता. या पद्धतीत एक मोठा गुण होता आणि एक मोठी खोड होती. गुण असा, की थोड्या शक्तीत आवाज दूर जातो. खोड अशी, की दोन सेटांची जुळणी केसभर जरी चुकली तरी माणसाच्या बोलण्याचा पार चेंदामेंदा होतो. शिवाय, बोलणारा गप्प बसला की सेटमधून काहीच बाहेर जात नाही. तो विचार करतो आहे की उठून गेला, हे पलीकडच्याला कळायला मार्ग नसतो.

हिवाळ्यात एका संध्याकाळी या सेटवर एक आवाज आला. रोजचे जेवण आणून देणाऱ्या सरजाबाई खिचडीचा डबा घेऊन दारातच थबकल्या.

“साहेब, ह्ये बदक कुनाचं म्हनायचं?”

“बदक नव्हे, बाई. माणूस आहे. जुळणी चुकली आहे.”

“मग जुळवा की.”

सरांनी बारीक जुळणीचे बटण पार शेवटापर्यंत फिरवले होते. केसभर कमीच पडत होते. बदक बदकच राहिले. पण ते शहाणे बदक होते. सर बोलू लागले की ते थांबे. सरांनी थांबून वाट पाहिली की ते बोले. एक अक्षर समजत नव्हते, पण पाळी काटेकोर पाळली जात होती. अशी पाळी सरांच्या वाट्याला बऱ्याच दिवसांत आली नव्हती. हळूहळू सर त्याला सगळे सांगू लागले. भूकंपाच्या वेळी किल्लारीकडच्या एका छावणीत त्यांनी वायरलेसवर नावे वाचून दाखवली होती. सापडलेल्यांची वेगळी, न सापडलेल्यांची वेगळी. त्या नावांबद्दल ते सरोजिनीबाईंशीही कधी बोलले नव्हते. बदकाशी बोलले. बदकाने सगळे ऐकून घेतले आणि मग बराच वेळ क्वॅक क्वॅक केले.

याचे बोलणे आता समजलेच पाहिजे, असे सरांच्या मनाने घेतले. त्यांनी रेवणसिद्धला फोन लावला.

“ज्याचं बारीक बटण जास्त फिरतं, असा सेट आहे का?”

“माझ्याकडं नाही, सर. पण शिरूर अनंतपाळकडचे एक शेषेराव आहेत, त्यांना त्यांचा काढायचाय. जाऊन बघा. आणि तुमचा जुना माझ्याकडं आणून टाका.”

नियमाचीही सोय झाली, एक दिवस मागेपुढे का होईना. सर एसटीने शिरूर अनंतपाळला, तिथून शेषेरावांच्या शेतातल्या घरी पोहोचले. अंगणात एकच खुर्ची होती. ती पाहुण्याला देऊन शेषेराव पोत्यावर बसले. साठीपुढचा, पागोटे नीट बांधलेला माणूस. पोरगा बालाजी याने आयटीआय करताना हा सेट आणला, बसवला, बापाला शिकवला, आणि तो स्वतः पुण्याला कारखान्यात गेला.

“चालतो ना?” सरांनी विचारले.

“एकदम पक्का! घंटीवानी आवाज.”

“मग विकताय कशाला?”

“मला काय करायचाय? मी मानसात बसनारा मानूस.” शेषेरावांनी रिकाम्या अंगणाकडे हात केला. “तुमाला कशाला पायजे?”

गरज दाखवली की भाव चढतो, हे सरांना ठाऊक होते. “शोभेला,” ते म्हणाले. “बोलायची मला फारशी आवड नाही.”

“हाव, चांगलं हाय. ज्यादा बोलू नाहीच मानसानं.”

सौदा झाला. निघताना शेषेरावांनी सेटवरून एकदा उपरण्याने हात फिरवला, तेव्हा सरांना वाटले, धूळ असेल.

दुसऱ्या दिवशी सर जुना सेट घेऊन नांदेडला गेले. वाटेत अहमदपूरच्या स्टँडवर चहा घेतला, सेट रेवणसिद्धच्या हवाली केला आणि परत येऊन नव्या सेटसमोर बसले. ‘नव्या यंत्राला आधी आठवडाभर नुसते पाहायचे, मग पेच फिरवायचा,’ असे ते वर्गात शिकवत. स्वतःही तसेच वागत. बटण छान फिरत होते. अगदी लांबवर फिरत होते. फक्त बदक येत नव्हते.

त्यांनी एरियल तपासला. गच्चीवर चढून तारेचा टाका नवा मारला. वरच्या मुलांपैकी एकाने खिडकीतून विचारले, “सर, नेट जाणार का?” रोज संध्याकाळी सर बोलत, थांबत, वाट पाहत. सेटमधून फक्त खरखर येई. सरजाबाई डबा ठेवून म्हणाल्या, “बदकाचं कुठं लगीन लागलं का काय?” सर हसले नाहीत.

आणि मग, आठवडा भरत आला असताना, आवाज आला. जाड, खोल, लांबलचक हंबरल्यासारखा.

“अगं बया!” सरजाबाईंच्या हातातले झाकण पडले. “बदकाची म्हैस झाली की ओ!”

सरांनी बटण आता उलट्या बाजूला पार शेवटापर्यंत फिरवले, पण तिकडे तेही केसभर कमीच पडले. सर बोलले; म्हैस थांबली. सर थांबले, म्हैस बोलली. पाळी तीच होती. त्या दिवशी सरांनी फोनवर सगळी हकिगत सांगितली.

“त्यांना सर्दी झाली असेल,” सरोजिनीबाई म्हणाल्या.

“सर्दीने जुळणी उलटी होत नाही. आधी तो जितका वर होता, बरोबर तितकाच आता खाली आहे.”

“मला त्यातलं काही कळत नाही. पण मला सांगा, ज्यांचा सेट तुम्ही उचलून आणलात, ते बिचारे आता कशावर बोलतात?”

सरांनी फोन ठेवला. त्यांनी कागदावर दोन आडव्या रेघा ओढल्या. वरची शेषेरावांच्या सेटची, खालची आपल्या जुन्या सेटची. मग रेघांची अदलाबदल केली. खालचा वरच्याला ऐकतो तेव्हा बदक. वरचा खालच्याला ऐकतो तेव्हा म्हैस. मग त्यांनी नांदेडला फोन केला.

“तुमचा जुना? तो शेषेराव परवाच घेऊन गेले की,” रेवणसिद्ध आनंदाने म्हणाला. “म्हणले, एका माणसाशी रोज बोलतो, पण तो म्हशीसारखा बोलतो. चांगला सेट पायजे. म्हणून तर तुम्हाला विकला ना त्यांनी! का हो सर, काही मामला आहे का?”

“नाही. मामला जुळला आहे,” सर म्हणाले आणि पेचकस पिशवीत टाकला.

अंगणात या वेळी दोन खुर्च्या होत्या. सरांनी आधी फोन करून नुसते “तो म्हशीसारखा बोलणारा मीच,” एवढे सांगितले होते. शेषेरावांनी शेजाऱ्याची खुर्ची मागून आणली होती.

“आधी तुमची म्हैस येत हुती, आता बदक येतंय,” शेषेराव म्हणाले. “मला वाटलं, तुमाला काय तरी बिमारी झाली.”

सरांनी सोबत आणलेला आणि शेषेरावांचा, असे दोन्ही सेट बाजेवर शेजारी मांडले, पेच केसकेस फिरवून एकमेकांशी जुळवले. काम संपले. “आपापला परत घ्यायचा का?”

“न्हाई. तुमच्यापाशी माझा ऱ्हाऊ द्या, माझ्यापाशी तुमचा.”

यानंतर दोघे खुर्च्यांवर समोरासमोर बसले. चहा झाला. सर म्हणाले, “यंदा थंडी कमीच.” शेषेराव म्हणाले, “हाव.” कोंबडी अंगण ओलांडून गेली, दोघांनीही तिला पूर्ण जाईपर्यंत पाहिले. अखेर शेषेरावांनीच तोंड उघडले.

“मास्तर, राग मानू नका, पर गाडीची येळ झाली. तुमी घरी पोचा. मग सेटवर निवांत बोलू.”

सरांनाही हायसे वाटले.

संध्याकाळी सेट लागला. “मास्तर, ऐकू येतंय का?” आवाज इतका स्वच्छ होता की शेषेरावांच्या बाजेची करकरही कळत होती.

“स्पष्ट. माझा?”

“लई साफ.”

मग दोघेही गप्प. सेटवरचा काटा शून्यावर पडून राहिला. पलीकडे माणूस आहे की उठून गेला, कळेना. सरांना किल्लारीची नावे आठवली, पण इतक्या स्वच्छ आवाजात ती कशी सांगायची?

“मास्तर,” काटा हलला. “येक इचारू? ते बटन जरा पयल्यावानी होतं का? बिघडवून?”

“का हो?”

“सिंधूबद्दल बोलायचं हुतं. माझी घरवाली. जाऊन पाच वर्षं झाली. म्हशीला रोज सांगत हुतो. तुमाला समजलं तर… मग बोलवत न्हाई बघा.”

सरांनी बटण पकडले. सकाळी केसकेस जुळवलेली ती जुळणी त्यांनी काळजीपूर्वक, मोजून, बिघडवली. “बोला,” ते म्हणाले.

म्हैस बोलू लागली. सर खुर्चीत मागे टेकले. ती थांबली की “हं” म्हणत राहिले. मग त्यांची पाळी आली. त्यांनी सांगितले, तुम्हीही बटण फिरवा. आणि त्यांनी छावणीतले पहिले नाव उच्चारले.

मध्येच फोन वाजला. सरांनी तो कानाला लावला, तेवढ्यात सेटमधून हंबरणे सुरू झाले.

“अहो, जेवलात का? आणि हे काय? अजून दुरुस्त नाही झाला तो?” सरोजिनीबाई म्हणाल्या. “तुम्ही तर पेचकस घेऊन शिरूरपर्यंत गेला होतात!”

“गेलो होतो,” सर म्हणाले. “पण याला काही इलाज नाही. हा असाच राहणार.”

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी टेबलावरच्या हंबरणाऱ्या सेटला झाकण लावले.