स्वतःच्याच तलावावर नोकरी

निवृत्त झाल्यावर आपण फक्त पोहणार, असं शिट्टीमास्तरांनी निरोपसमारंभातच सगळ्यांना ऐकवलं होतं. नगरपालिकेच्या तलावावर त्यांनी बत्तीस वर्षं काढली, पण ती काठावर. गळ्यात शिट्टी, हातात लांब बांबू, आणि दर पाऊण तासाने बॅच संपल्याचा पुकारा. पाण्यात उतरायचे ते कुणी गटांगळ्या खायला लागला तरच, आणि तेही अंगावरच्या कपड्यांनिशी. पाठीवर तरंगत निवांत आभाळाकडे बघत पडावं, एवढी साधी इच्छा. पण बत्तीस वर्षांत ती काही पुरी झाली नाही. त्यासाठी त्यांना स्वतःचा तलाव हवा होता.

तो मिळालाही. चहूबाजूंनी डोंगर, मधल्या खोऱ्यात छोटं गाव, गावाच्या टोकाला तीन खोल्यांचं घर आणि मागच्या दारी निळाशार तलाव. दलाल बिचारा एकेक खोली उघडून दाखवत होता आणि मास्तर तडक मागे गेले होते. दोरीला वजन बांधून त्यांनी पाण्याची खोली मोजली, फरश्या अंगठ्याने दाबून पाहिल्या, पंपाला कान लावला. दलाल सांगत होता की जुन्या मालकीणबाई शिक्षिका होत्या, आता लेकीकडे राहायला गेल्या आहेत, आणि शेजार असा आहे की घराबरोबर तोही तुम्हाला मिळेल. मास्तरांचं सगळं लक्ष पंपात. घराला स्वयंपाकघर आहे ही बातमी त्यांना सह्या झाल्यावर मास्तरीणबाईंकडून कळली.

पहिल्याच सकाळी मास्तर खांद्यावर टॉवेल टाकून मागचं दार उघडतात, तर काठावर सहा बायका पाण्यात पाय सोडून बसलेल्या. दुसरा कुणी असता तर त्याने विचारलं असतं, कोण हो तुम्ही? पण बत्तीस वर्षांची सवय. मास्तरांच्या तोंडून निघालं, "कुठल्या बॅचच्या तुम्ही? आणि टोप्या कुठे आहेत?"

बायकांनी निमूटपणे पिशव्यांतून टोप्या काढून घातल्या. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या नर्सबाईंनी सगळा खुलासा केला. जुन्या मालकीणबाई गल्लीतल्या बायकांना रोज पोहू द्यायच्या आणि स्वतः काठावर खुर्ची टाकून बसायच्या. काठावर बघणारं माणूस नसेल तर कुणी पाण्यात उतरायचं नाही, हा त्यांचा नियम. त्या गेल्यापासून तीन महिने सगळ्याजणी कोरड्याच होत्या. नव्या मालकांनी आल्या आल्या माणूस नेमला, देव त्यांचं भलं करो.

मालक मीच, हे सांगायला मास्तरांनी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात शिवणकाम करणाऱ्या बाई खोल बाजूला उतरल्या. पाण्यात माणूस असताना मास्तर दुसरं काही बोलत नसत. पाऊण तास ते काठाने चालत राहिले आणि बायका आभार मानत, पाणी निथळत निघाल्या. जाताना त्यांना दारात मास्तरीणबाई भेटल्या. आपणच मालकीण का, असं त्यांनी विचारलं. मास्तरीणबाई हो म्हणाल्या.

"माणूस चांगला ठेवलात हो," नर्सबाई म्हणाल्या.

"बत्तीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना," मास्तरीणबाई अभिमानाने म्हणाल्या.

घरात आल्यावर मास्तर कुरकुरले. त्यावर मास्तरीणबाईंनी, यात मी खोटं काय बोलले, एवढंच विचारलं. या परक्या गावात बोलायला कुणी मिळेल की नाही या धास्तीने त्या महिनाभर नीट जेवल्या नव्हत्या. आता त्यांना एकदम सहा मैत्रिणी मिळाल्या होत्या. चौथ्या दिवशी तर नर्सबाईंचा हात धरून त्या चक्क पाण्यात उतरल्या. काठावरून अर्ध्या शहराला पोहायला शिकवूनही घरच्या माणसाला मास्तरांना कधी पाण्यापर्यंत आणता आलं नव्हतं. बायको कमरेएवढ्या पाण्यात हसत उभी राहिलेली पाहून त्यांचे डोळे भरून आले. त्यामुळे खरं सांगायचं त्या दिवशीही राहून गेलं.

पुढे गर्दी वाढली. सहाच्या अकरा झाल्या, तेव्हा मास्तरांनीच सकाळच्या दोन आणि संध्याकाळची एक अशा बॅच पाडल्या आणि वेळापत्रक दाराला लावलं. दोष द्यायचा तर कुणाला द्यायचा?

एके दुपारी मात्र सगळं सामसूम पाहून ते हळूच पाण्यात शिरले, पाठीवर झाले, आणि वर बघतात तर काठावर सकाळच्या बॅचमधल्या, पोस्टात काम करणाऱ्या बाई.

"मालकीणबाईंना माहीत आहे का तुम्ही पोहताय ते?"

मास्तर "चुकलो" म्हणून बाहेर आले. स्वतःच्या तलावातून.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. आता बास, आज सांगायचंच, असं मास्तरांनी पक्कं केलं होतं. पण नर्सबाईंनी बोलायला सुरुवात केली.

"तुम्हाला हौस आहे, आम्हाला कळतं. पण मालकांच्या पाण्यात असं चोरून उतरणं बरं दिसत नाही. डोंगरावरच्या हॉटेलात तलावावर माणूस हवाय. मी तुमचं नाव सांगून आलेय. दुपारी बारा ते एक पाहुणे जेवायला जातात, तेव्हा तलाव रिकामा असतो. काम करणाऱ्यांनी पोहलं तरी चालतं तिथे."

रिकामा हा शब्द ऐकला आणि मास्तरांनी उघडलेलं तोंड मिटलं. घरात जाऊन त्यांनी मास्तरीणबाईंना विचारलं. जा की, त्या म्हणाल्या, तुमचा जीव रमेल.

सोमवारी बाराच्या ठोक्याला हॉटेलचे पाहुणे जेवायला गेले. मास्तरांनी दोनदा मागे वळून पाहिलं, पाण्यात उतरले आणि पाठीवर पडले. कानात पाणी शिरलं, जगाचा आवाज बंद झाला. वर आभाळ, कडेला डोंगरांचे शेंडे, आणि काठावर कुणीही नाही. सुख सुख म्हणतात ते हेच, असं त्यांना वाटलं.

मग डोळ्याच्या कडेला काहीतरी हललं. त्यांनी मान वळवून पाहिलं. फाटकातून अकराजणी आत येत होत्या, टोप्या घालून, आणि सगळ्यांच्या पुढे मास्तरीणबाई.

"घरी काठावर बघणारं कुणी नाही ना," त्या काठावर येऊन म्हणाल्या. "मग हॉटेलात विचारलं. ते म्हणाले, बारा ते एक खुशाल या, तलाव रिकामाच असतो, आणि माणूसही चांगला मिळालाय." मग मागे एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही आधी बाहेर या बघू. पहिल्याच दिवशी पाण्यात सापडलात, तर ही नोकरीसुद्धा जायची."

मास्तर बाहेर आले.