मागच्या सीटवरची संमती

ग्रंथपालाने मोटरसायकल घेतली, आणि तीही अशी की ती सुरू झाली की समोरच्या इमारतीतली सगळी बाळं एका सुरात रडायला लागायची. दिवसभर 'शू शू' करून लोकांना गप्प बसवणारा माणूस! पण त्याचंही चुकत नव्हतं. वाचनालयात बोलायला बंदी आणि घरी बोलायला संधी नाही, कारण घरी बायको होती, आणि बायको शाळेत पीटी शिकवायची. तिने गच्चीतून 'विश्राम' म्हटलं तर रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा पाय फाकवून उभं राहायचं.

ग्रंथपालाला एकच ध्यास लागला होता, मोठ्या मोटरसायकलवाल्यांच्या क्लबात शिरायचं. त्यासाठी त्याने या विषयावरची झाडून सगळी पुस्तकं वाचली होती. गाडी मात्र चालवली होती गल्लीतल्या गल्लीत, तीही दुसऱ्या गिअरपर्यंत.

क्लबचा नियम अजब होता. नव्या माणसाने घरचं कुणीतरी मागे बसवून घाट चढून दाखवायचा. पूर्वी निम्मे सदस्य घरच्यांचा फोन आला की अर्ध्या वाटेतून माघारी फिरायचे. तेव्हापासून घरच्यांची संमती तोंडी चालत नसे, मागच्या सीटवर बसून द्यावी लागे. शिवाय वर पोचल्यावर अध्यक्ष एक प्रश्न विचारणार. काही देशांत या दणकट गाड्यांचं वेड फोफावतं आणि काही देशांत नाही, असं का? उत्तर पटलं तर प्रवेश, नाहीतर नमस्कार.

"बाबा, उत्तर पाठ आहे ना?" मुलीने विचारलं.

"अगदी मुद्देसूद. लांबच लांब रस्ते, कोरडी हवा, रिकामे रविवार..."

"रिकामे रविवार?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "मग त्या देशांत पंखे कोण पुसतं?"

शनिवारी ग्रंथपालाने गाडी लखलखीत केली. सीट तेवढी निस्तेज वाटली. निस्तेज वस्तूवर त्याच्याकडे एकच औषध होतं, वाचनालयातल्या टेबलांना लावायचं मेणाचं पॉलिश. त्याने दोन हात दिले. सीटमध्ये तोंड दिसायला लागलं.

"बाबा, यावर बसायचंय. घसरणार नाही का?"

"टेबलावरून पुस्तक घसरलेलं पाहिलंयस कधी?"

मुलीने मलमपट्टीची पेटी शोधायला घेतली.

रविवारी सकाळी गाड्यांची रांग लागली. अध्यक्षांच्या मिश्या हेल्मेटमधून दोन्ही बाजूंनी बाहेर आल्या होत्या. नव्या उमेदवाराला, मागच्या सीटवर आठ्या घालून बसलेल्या बायकोसकट, मानाने पुढे ठेवलं. मुलगी चहा आणि मलमपट्टी घेऊन मागच्या व्हॅनमध्ये बसली.

घाटाच्या पायथ्याशी एक म्हैस आडवी आली. ग्रंथपालाने ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण तो थांबला नाही. तो सुळ्ळकन टाकीवर गेला आणि त्याच्या पाठोपाठ बायको त्याच्या पाठीवर आली.

"अहो, मागे सरका!"

त्याने गाडी दामटली. दोघं एकदम मागे गेले, इतके की बायकोला मागचा दिवा मांडीखाली जाणवला.

"अहो, पुढे सरका!"

"अगं, मी सरकत नाहीये! सीट सरकवतेय!"

तेवढ्यात पहिलं वळण आलं. ग्रंथपाल आतल्या बाजूला घसरला. अर्धा गाडीवर, अर्धा घाटावर. त्याच्या तोंडून जी किंकाळी फुटली, ती बहुधा वीस वर्षं वाचनालयात साठलेली असावी. मग मात्र पीटीच्या बाई जाग्या झाल्या.

"गुडघेऽ आवळ! टाकीला चिकटव! पाठ ताठ! पोट आत! मान वर! खाली काय बघतोस, वळणाच्या पलीकडे बघ!" 'अहो' पहिल्याच वळणावर गळून पडलं होतं. "आता डावीकडेऽ झुक! रिलेची शर्यत आहे समज! सरळ! उजवीकडेऽ झुक!"

तो आवाज हेल्मेट भेदून आरपार गेला. ग्रंथपाल झुकला. गंमत म्हणजे मागचे सगळेही झुकले! एवढ्या धिप्पाड गाड्या कवायतीसारख्या डावीकडे, मग उजवीकडे. अध्यक्षांनी तर 'पोट आत' ऐकल्यावर खरंच पोट आत घेतलं. व्हॅनच्या चालकानेही पाठ ताठ केली.

"तुम्ही कशाला?" मुलीने विचारलं.

"सांगितलं ना बाईंनी," तो म्हणाला.

वरच्या चहाच्या टपरीपाशी सगळे उतरले. अध्यक्ष घाम पुसत म्हणाले, "पंचवीस वर्षांत घाट इतका सफाईने चढलो नव्हतो. हं, आता प्रश्न. काही देशांत हे वेड फोफावतं, काहींत नाही. का?"

ग्रंथपालाने छाती फुगवली, तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा आली. सगळा आवाज वळणांवर सांडला होता. त्याने हाताने लांब रस्ता दाखवला. ऊन दाखवलं. रिकामा रविवार हाताने कसा दाखवतात ते त्याला सुचेना. डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्याच्या.

"मी सांगू?" बायको म्हणाली. "वेड सगळीकडे सारखंच असतं हो. पण जिथे ते एकट्याचं राहतं तिथे त्याची गाडी व्हरांड्यात धूळ खाते. जिथे आख्खं घर बिघडतं, तिथे फोफावतं. मी निघाले तेव्हा ठार विरोधात होते. आणि आता विचाराल तर..." तिने गाडीकडे बघितलं. "उतरताना मला चालवायचीय. लायसन्स लग्नाआधीपासून आहे माझ्याकडे."

अध्यक्षांनी मिशीला पीळ दिला. "प्रवेश मंजूर! ताईंना."

"आणि बाबा?" मुलगी कळवळली.

"त्यांनी मागे बसून संमती द्यायची."

सीटवर गोणपाट घट्ट बांधलं. ग्रंथपाल पडेल चेहऱ्याने मागे बसला. पहिलं वळण आलं तेव्हा त्याला जाणवलं की आता आपल्याला काहीच करायचं नाहीये. त्याने डोळे उघडले. येताना ते बराच वेळ मिटलेलेच होते. खाली आख्खी दरी पसरली होती, वारा कानात शिरत होता, आणि गाडीचा तो आडदांड आवाज शेवटी नुसता ऐकायला मिळत होता. त्याच्या बसलेल्या घशातून एक फाटकी आरोळी निघाली.

"आता कशाला ओरडताय?" बायकोने विचारलं.

"ओरडत नाहीये," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मजा येतेय!"

पुढच्या रविवारी तो भल्या सकाळीच हेल्मेट घालून मागच्या सीटवर जाऊन बसला. बायको अजून दात घासत होती.