कमरेएवढ्या उंचीचा गुन्हेगार

"मी हुस्नी. एल्बासानपासून समुद्रापर्यंत माझ्या नजरेतून माशीसुद्धा सुटत नाही. माझं नाव ऐकलं की गुन्हेगार गाव सोडतात."

ही आमच्या ह्यांची ओळख, त्यांनी स्वतःच करून दिलेली. मी त्यांची बायको लिरीये, बिनपगारी सहायक. गुन्हेगारांचं ठाऊक नाही, पण ही ओळख सुरू झाली की पाहुणे मात्र गाव सोडतात. टपाल खात्यातून निवृत्त झाले, दुसऱ्यांच्या भानगडी हाताळायची सवय सुटेना, म्हणून गुप्तहेर झाले.

या खेपेला गिऱ्हाईक घरचंच होतं. व्योल्त्सा, माझ्या मावसबहिणीची मुलगी. ग्रीसमध्ये लोकांच्या म्हाताऱ्या सांभाळून तिने पुंजी जमवली होती, आणि आता स्वतःच्या आईला सांभाळायला घर हवं होतं. जर्मनीत राहणाऱ्या बार्धिलचं अर्धवट घर तिला मिळत होतं. कागद चोख, पाया खोल, खांब भक्कम आणि किंमत निम्मी. इसार त्याच दुपारी द्यायचा होता.

"निम्मी का, तेवढं शोधा, काका," ती म्हणाली. "हे पैसे बुडाले तर मी परत उभी नाही राहणार."

ह्यांनी टोपी घातली.

घरापर्यंत गोल गुळगुळीत गोट्यांचा ऐसपैस रस्ता होता. "थेट दारात गाडी येते बघा!" बार्धिल म्हणाला. त्या रस्त्यावर आमच्याशिवाय गाढवसुद्धा नव्हतं.

घर आपलं नेहमीसारखंच. खाली नुसते खांब, वर एक मजला, गच्चीवर मुलाच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या. परदेशातला माणूस ऑगस्टच्या सुट्टीत येतो, थोडं बांधतो, जातो. दृष्ट लागू नये म्हणून एका खांबाला कापडी अस्वल टांगलेलं.

हे एकदम थबकले. सगळ्या खांबांवर एकाच उंचीची मातकट रेघ होती.

"इथे चिखलाने माखलेला माणूस टेकून उभा होता. उंची कमरेएवढी. म्हणजे बुटका."

"सगळ्या खांबांना टेकून?"

"बुटके! टोळी आहे, लिरीये."

"ओल असेल हो."

"ओल? ऑगस्टाच्या ऐन उन्हाळ्यात? अगं, पालीसुद्धा जीभ काढून बसल्यात!"

जिन्याखालच्या कोनाड्यात माशाचा वाळका सांगाडा सापडला. ह्यांनी तो हुंगला. "टोळी इथे जेवते."

"पण हा शिजवलेलाच नाही."

"म्हणजे धाड पडली, घाईत पळाले."

मग अस्वल. तेही कमरेपर्यंत चिखलाने भरलेलं. "पुरून परत काढलंय. पोटात माल असणार!" म्हणत ह्यांनी चाकूने त्याचं पोट फाडलं. भसाभस बारीक वाळू सांडली.

"वाळूची तस्करी!"

"अहो, दृष्टीचं अस्वल फाडलंत की!" बार्धिल ओरडला. त्याला दरदरून घाम फुटला होता.

"बुटक्या तस्करांच्या भीतीने किंमत निम्मी," हे छाती फुगवून म्हणाले. "त्यांचा बंदोबस्त मी करतो. पोरी, बिनधास्त इसार दे!"

आणि ती बापडी पर्स उघडायला लागली. मी मनातल्या मनात ह्यांचा उद्धार करत होते.

तेवढ्यात टेकाडावरच्या जुन्या घरातून बार्धिलची आई, हातिजे मावशी, कॉफी आणि अंजिराचा मुरांबा घेऊन उतरल्या.

"आई, त्यांना घाई आहे!"

"पाहुणे दारातून तसेच जाणार? जनाची नाही तर मनाची ठेव." त्यांनी व्योल्त्साच्या हातात कप दिला. "तू राहणार होय इथे? मग जानेवारीत माझ्याकडेच ये हो झोपायला. पण त्या गोट्यांवरून नको येऊस. थंडीतल्या पावसात तिथून नदी येते."

"नदी? कुठवर येते?" व्योल्त्साने विचारलं.

"ह्या बाजूने घरात, त्या बाजूने बाहेर."

मी खांबांवरच्या रेघेकडे पाहिलं.

"हा येतो ऑगस्टात, बांधतो ऑगस्टात," मावशी म्हणाल्या. "ह्याची आणि नदीची कधी गाठच पडली नाही. फोनवर सांगितलं, तर म्हणे, आई, तुला काय कळतंय! गेल्या थंडीत मी पाण्याचा फोटो पाठवला, तेव्हा कुठे विकायला काढलं."

"आई!"

"काय आई? तिच्या हातात माझी कॉफी आहे. आता खोटं बोलू?"

पाया बघा, कागद बघा, खांब ठोकून बघा, असं सगळे सांगतात. इसाराआधी शेजारणीकडे कॉफी प्या, हे कोणी सांगत नाही मेलं.

व्योल्त्साने पर्स मिटली. तिने म्हातारीचा हात डोळ्यांना लावला. "येईन, मावशी. जानेवारीत आईला घेऊन येईन. घर बघायला नाही, तुमच्याकडे." मी तिला पोटाशी धरलं, आणि आम्ही दोघी तिथेच रडलो.

परतताना गाडीत आमच्या ह्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. मला वाटलं, शरमले असतील.

"आरोपी सापडला," ते गंभीरपणे म्हणाले. "तूर्त फरार आहे. पण दर जानेवारीत गुन्ह्याच्या जागी परत येतो."