भावकीच्या मंजुरीने छातीत दुखणे

भिमाजी आप्पांच्या छातीत दुखू लागलं तेव्हा ओसरीवर सात माणसं, चहाची एक किटली आणि नऊ निदानं हजर होती. पाच पित्ताची, दोन नजर लागल्याची, एक शिळ्या भज्यांचं आणि एक "वय झालं आता" असं सर्वसमावेशक.

आजारी माणसाला दवाखान्यात नेण्याची मांडवगण फराट्यातली पद्धत निर्दोष आहे. आधी ओवा, मग सोडा, मग भावकीला निरोप. निरोप न देता गेलेला माणूस बरा होऊन परत येतो, नातं येत नाही.

आप्पांची अडचण इथंच होती. चुलतभाऊ तात्याबा गेल्या वर्षी न कळवता अपेंडिक्स काढून आले, तेव्हापासून आप्पांचं अख्खं घर त्यांच्याशी बोलत नव्हतं. आता कळवावं तर मान जातो, न कळवावं तर रीत मोडते. (हृदयाला ही गुंतागुंत कुणी समजावून सांगितली नव्हती.) आप्पांना दरदरून घाम सुटला. कळ डाव्या हातात उतरली, जबडा जड झाला.

"आप्पा, हे पित्त न्हाई. शिरूरला चला," सून सुलक्षणा म्हणाली.

"तात्याबाला सांगितल्याबिगर? आन् त्याच्याशी बोलायचं कुणी?"

सुलक्षणा घरात गेली आणि फोन कानाला लावूनच बाहेर आली. "आप्पा, तात्याबांना शिरूरला ॲडमिट केलंय म्हणं. छातीत दुखतंय."

आप्पा उठले. आजाऱ्याला भेटायला जाण्यास कुणाचीच मंजुरी लागत नाही. न जाणं हा गुन्हा.

"ह्याही खेपेला मला कळवलं न्हाई," ते समाधानाने म्हणाले. "नारळ घे."

"पण तुम्ही बोलत न्हाई ना त्यांच्याशी?" शेजारच्या गीताबाईंनी विचारलं.

"बोलायचं कुठं हाय? नुसतं बघून यायचं."

दोघांनी धरून त्यांना जीपमध्ये बसवलं.

शिरूरला तात्याबा नव्हते, डॉक्टर होते. त्यांनी नारळ बाजूला ठेवून आप्पांचा ईसीजी काढला आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं. आप्पा वाचले.

दुसऱ्या दिवशी तात्याबा आले. हातात नारळ, चेहऱ्यावर राग.

"मला कळवलं न्हाई तुम्ही."

"मग फिटलं आपलं," आप्पा म्हणाले. "बस."

दवाखान्याच्या दारात मोफत रक्तदाब तपासणीचं टेबल होतं. वर पाटी: छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घरी थांबू नका. आप्पांना भेटायला आलेले: बासष्ट. पाटी वाचलेले: एकोणीस. रक्तदाब तपासून घेतलेले: शून्य.

(यात वाचक मोजलेले नाहीत.)