हळदीच्या दिवशी नवी सिस्टिम

"दौल्याऽऽ, उधाणाला ‘उद्या’ ठाऊक नसतो रेऽऽ!"

मिठागराच्या बांधावरून माझा बाप ओरडायचा, ती हाक अजून कानात आहे. भरती चढायच्या आत बांधाची फट बुजवायची आणि मगच भाकरीला हात लावायचा. बाप गेला, मिठागर गेलं, बांधावर इमारती उगवल्या; पण मी आजवर एकही काम उद्यावर टाकलेलं नाही. आमच्या कोपरी गावात कुणालाही विचारा! कॉम्प्युटरवर ‘नवी सिस्टिम आली आहे, आत्ता घ्यायची की नंतर?’ अशी पाटी आली, की लोक ‘नंतर’ दाबून चहाला जातात. मी ‘आत्ता’वाला!

यंदा ती पाटी आली तेव्हा दारात मांडव उभा राहत होता, एवढंच. संध्याकाळी माझ्या लेकीची, समृद्धीची हळद होती.

आता आमच्या आगरी लग्नात हळदीला धवला लागतो. धवलारीण गाते, गाऊन देवांना मांडवात बोलावते, आणि मग नवरीच्या गालाला हळद. आमची धवलारीण म्हणजे माझी बायजा आत्या. तिचा आवाज खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यासारखा, ओलाही आणि खारटही. पण हल्ली तिला दम लागतो. म्हणून गेल्या वर्षी मी तिला समोर बसवून अख्खा धवला कॉम्प्युटरमध्ये भरून घेतला. समृद्धीने लग्नात हट्ट धरला तो एकच. "पप्पा, शालू कसलाही आणा. हळद मात्र बायजाआजीच्या धवल्यावरच!"

"पप्पा, आज त्याला हात लावू नका," मितेश म्हणाला. माझा हा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून फार घाबरट. "नवी सिस्टिम आली की थोडं थांबायचं. आधी लोकांची डोकी फुटू द्यायची, मग आपण जायचं."

"अरे, लग्नाच्या दिवशी मशीन कसं ताजंतवानं पाहिजे!"

"त्यात धवला आहे. कॉपी तरी काढलीय का?"

"घरातलं सोनं काय शेजाऱ्याकडे ठेवतोस?"

स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, लग्नघरात कुणी भिंत पाडायला काढतं का?"

"अगं देवयानी, सगळ्यांना नवे कपडे, मग बिचाऱ्या कॉम्प्युटरनेच फाटकं का घालावं?"

कुणी हसलं नाही. बायजा आत्याही नाही. तिला मी पंख्याखाली गादीवर बसवलं होतं. "आत्या, तू नुसता आशीर्वाद दे. दगदग नको. तुझं काम आज पेटी करणार." कॉम्प्युटरला ती पेटीच म्हणते. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पानाचा तुकडा आत टाकला आणि मिटून घेतलं.

मी ‘आत्ता’ दाबलं.

पडद्यावर एक गोल फिरू लागला. खाली ताकीद, ‘काम चालू आहे. बंद करू नका.’ सुरुवातीला गोल नवरदेवाच्या घोड्यासारखा ऐटीत फिरला. मग घाण्याच्या बैलासारखा. मग अर्ध्यावर आला आणि रुसलेल्या जावयासारखा तिथेच बसला! बायका हळदीच्या वाट्या घेऊन मांडवात जमू लागल्या, तरी जावईबापू उठेनात.

तेवढ्यात तानाजी मांडववाला आत डोकावला. "शेठ, मेन स्विच पाडतो जरा. रोषणाईची वायर जोडायचीय."

मी असा धावलो, की धोतर असतं तर मागे राहिलं असतं! मीटरच्या बोर्डाला दोन्ही हातांनी कवटाळलं. "ब... बंद... करू नका! ब... बंद..." दम लागलेला, अंग थरथरतंय, शब्द तुटतायत.

तानाजी किंचाळला, "शेठला शॉक लागला! बोर्डाला चिकटले!"

"लाकूड आणा! हात लावू नका कुणी!"

"अरे, मला काही झालेलं..."

"बडबडायला लागले! करंट डोक्यात गेला!"

देवयानी लाटणं घेऊन आली. पहिल्या फटक्यात मी बोर्ड सोडला. दुसरा कशासाठी होता, ते मी अजून विचारलेलं नाही! मी सोडताच तानाजीने मेन स्विच पाडला. घर अंधारलं, आणि आतल्या खोलीतला गोल मावळला.

वीज परत आली. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती.

"गेलं, पप्पा," मितेश म्हणाला.

"किती गेलं?"

"सगळं."

मांडवात बातमी माझ्या आधी पोचली. पुढच्या रांगेत ‘धवला जळाला’ होतं, मधल्या रांगेत ‘बोर्ड जळाला’ झालं, आणि मागे टिटवाळ्याच्या मावसभावाने तर मला पाहून डोळे पुसले. "अरे, तू आहेस होय!"

समृद्धी पाटावर बसली होती. हातात हिरवा चुडा, नजर माझ्यावर. "पप्पा, धवला?"

आणि माझ्या तोंडून जन्मात पहिल्यांदा निघालं, "जरा... नंतर लावूया का?"

पोरीने तोंड फिरवलं. एवढ्यात दाराच्या चौकटीतून सूर आला.

*मांडवाचे दारी गो, हलद उगवली,*
*सूर्यान चांदाला गो, वाटी पाठवली...*

बायजा आत्या! चौकट धरून आली, मांडवाचा खांब धरून पुढे सरकली, समृद्धीशेजारी टेकली. दम सरला की बायका ओळ उचलायच्या. दम भरला की ती पुढची ओळ सोडायची. जणू कळशी हातोहात चालली होती. हळद गालाला लागली आणि आत्याने शेवटचं कडवं धरलं.

*खाडीची भरती गो, दारी थांबली,*
*जात्या लेकीचं पाय गो, धुवाया लागली...*

माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लाटण्याचं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर मी तिच्यापाशी बसलो. "आत्या, हे कडवं रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं गं. ते रेकॉर्डिंग मी कितीदा ऐकलंय!"

तिने इकडेतिकडे पाहिलं. बोटाची उरलेली हळद माझ्या गालाला पुसली.

"नव्हताच, बाला. अर्दा धवला मी पोटान ठेवलेला. तुजी पेटी धड चालली असती, तरी अर्द्यावरच थांबली असती. आख्खा भरून दिला असता, त मना मांडवान कोन बोलावता?"