म्हात्रेकाकांच्या कात्र्या

आमच्या शेजारच्या म्हात्रेकाकांकडे कात्री मागायला गेलं, की ते कात्री देत नाहीत, आधी चौकशी करतात. काय कापायचंय? कशासाठी? घाई आहे का? घाई आहे म्हटलंत की संपलंच. दार लोटून घेतात.

घरात एकटा माणूस आणि सात कात्र्या. प्रत्येकीच्या मुठीवर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं: कागद, कापड, सुतळी, दुधाची पिशवी. एकदा मी 'कागद'ने केकच्या खोक्याची रिबीन कापली, तर आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरची सिलं तोडण्यात त्यांची उभी हयात गेली. नंबर दोनदा ताडून पाहिल्याशिवाय सील तोडायचं नाही, हा तिथला शिरस्ता त्यांनी पनवेलच्या फ्लॅटमध्ये आणला. "आधी बघायचं, मंग कापायचं," हे दिवसातून दहा वेळा ऐकायचं.

गेल्या महिन्यात आईच्या पंचाहत्तरीसाठी मी स्क्रॅपबुक करायला घेतलं. हौस दांडगी, अक्कल शून्य. ऑनलाइन एक भलामोठा संच मागवणार होते, तेवढ्यात काकांना कळलं. माझ्याच स्कूटरवर मागे बसून त्यांनी मला बाजारात नेलं.

दुकानदाराने नागमोडी कात्री काढली, फुलं पाडायचा पंच काढला. काकांनी ढुंकून पाहिलं नाही. फोटोला झालर लावायची नाय आपल्याला, म्हणाले. मग खिशातून जुन्या वर्तमानपत्राची घडी काढली आणि एकेक कात्री टोकापर्यंत चालवून बघितली. टोकाशी अडली की बाद. मला इकडे मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदाराचा चहा पार निवला तेव्हा कुठे एक पसंत पडली.

शेवटी घेतलं काय? एक लांब पात्याची कात्री, बारीक कामाला छोटी टोकदार, एक कटर, खाली घालायला मॅट आणि स्टीलची पट्टी. प्लॅस्टिकची नको, कटर ती सोलून काढतो. बाकी सगळी थेरं, असं काकांचं मत.

घरी येऊन मी नवी कात्री उचलली आणि आईचा एक जुना ग्रुप फोटो घेतला. तिला तेवढी गोल कापून पहिल्या पानावर लावायची होती. काकांनी माझं मनगटच धरलं.

"कॉपी हाय?"

नव्हती. मग आधी काढून आण, हा नाय कापायचा, म्हणाले. मी वैतागले. एवढ्याशा फोटोचं काय घेऊन बसलात, असं बोलूनही गेले.

काका उठून घरी गेले आणि एक पाकीट घेऊन आले. आत एकाच फोटोचे दोन तुकडे. आपटा गावात नदीकाठी काढलेला. काकू गेल्या तेव्हा हार घालायला त्यांचा एकटीचा फोटो नव्हता. दारात पाहुणे, फोटोवाल्याची घाई. हाताला लागली ती दुधाच्या पिशवीची कात्री, आणि काकांनी काकूंना त्या फोटोतून कापून काढलं. उरलेल्या तुकड्यात तरुण काका हसतायत, आणि त्यांच्या खांद्यावर नुसती चार बोटं.

मला फार लाज वाटली. आईसाठी आणलेला एक जाड कागद मी पुढे ओढला, त्यावर दोन्ही तुकडे शेजारी ठेवले. कडा वाकड्यातिकड्या, मध्ये फट राहत होती. कटरने कडा सरळ करून देऊ का, मी विचारलं.

"नको गं. आता काय पन कापू नको," काका म्हणाले. "बाकी फट राहू दे. तिचा हात तेवढा बोटांना लाव."